परीकथांतला अंधार आणि आमची मुले

लहान मुलांसाठी छापल्या जाणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकांतला लांडगा हल्ली कुणाला खात नाही. तो आजीला कपाटात कोंडतो, शेवटी माफी मागतो आणि सगळे मिळून खाऊ खातात. चेटकीण भट्टीत जळत नाही, नुसती पळून जाते. दुष्ट राणीचा आरसा फुटतो आणि गोष्ट संपते. ही पुस्तके विकत घेणारे आईबाप बेफिकीर नाहीत. उलट मुलाच्या मनाचा विचार करणारे, त्याने रात्री दचकून उठू नये म्हणून काळजी घेणारे असेच ते असतात. दुसरीकडे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, आम्ही लांडग्याच्या आणि जिनांच्या गोष्टी ऐकूनच मोठे झालो, आमचे काय बिघडले?

या दोन बाजूंच्या मध्ये आम्हा शिक्षकांना उभे राहावे लागते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. भाषेच्या तासाला गोष्ट सांगणे हे आमचे रोजचे काम आहे. कोणती गोष्ट सांगायची, किती सांगायची आणि कुठे थांबायचे, हा आमच्यापुढे रोज सकाळचा प्रश्न असतो. बी.एड.च्या अभ्यासात बालमानसशास्त्र शिकवले जाते, वयानुरूप आशय निवडावा असे सांगितले जाते. पण वयानुरूप म्हणजे नेमके काय, हे पुस्तक सांगत नाही. ते वर्गात बसलेल्या मुलांच्या तोंडाकडे पाहूनच ठरवावे लागते.

वडीलधाऱ्यांचा ‘आमचे काय बिघडले’ हा युक्तिवाद आम्हाला पुरेसा वाटत नाही. छडीच्या बाबतीतही तो केला जात असे. पण सगळा अंधार पुसून टाकणाऱ्यांची बाजूही आम्हाला पटत नाही. आमच्या मते हा प्रश्नच जरा चुकीच्या जागी विचारला जातो. गोष्टीत अंधार किती आहे हे सगळे मोजतात; त्या अंधाराचा दोष कुणाच्या माथी मारला आहे, हे मात्र फारसे कुणी पाहत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की भीती राहू द्यावी, पण भीतीला कुणाचा चेहरा दिला आहे ते तपासावे.

हे म्हणणे स्पष्ट करण्यासाठी आधी ज्यांच्या गोष्टी जगभर गेल्या त्या जर्मनीतील ग्रिम बंधूंकडे पाहू. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांनी आपल्या लोककथांचा पहिला खंड 1812 साली आणि दुसरा 1815 साली प्रसिद्ध केला. हे पुस्तक मुळात मुलांच्या हाती देण्यापेक्षा लोकपरंपरा जपून ठेवण्यासाठी होते. पुस्तक खपू लागले, घराघरांत मुलांना वाचून दाखवले जाऊ लागले, तशा तक्रारी आल्या. मग विल्हेल्म ग्रिम यांनी आवृत्तीमागून आवृत्तीत फेरफार केले. शेवटची, सातवी आवृत्ती 1857 ची. म्हणजे परीकथा सौम्य करण्याचा उद्योग आजचा नाही, दोनशे वर्षांचा आहे.

त्यांनी काय काढले आणि काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत निरागसपणे विचारते, की माझे कपडे हल्ली घट्ट का होऊ लागले आहेत? त्यावरून तिला दिवस गेल्याचे कळते. हे वाक्य पुढे काढून टाकण्यात आले. मुलांनी कसाई-कसाई खेळताना एकाचा जीव घेतल्याची एक भयंकर गोष्ट पहिल्या आवृत्तीत होती, तीही 1819 च्या आवृत्तीत गाळली गेली. पण शिक्षा मात्र गेल्या नाहीत. हिमगौरीच्या राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, ते तसेच राहिले. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरे फोडतात, हा शेवट तर 1819 च्या आवृत्तीत नव्याने घातला गेला. म्हणजे शृंगार वगळला आणि सूड वाढवला.

याहून महत्त्वाचा एक बदल आहे. 1812 च्या पुस्तकात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना भुकेच्या दिवसांत जंगलात सोडून यायला सांगणारी बाईही त्यांची सख्खी आईच आहे. पुढच्या आवृत्त्यांत विल्हेल्म ग्रिम यांनी या दोन्ही आयांना सावत्र करून टाकले. आईची प्रतिमा पवित्र राहावी, हा त्यामागचा हेतू दिसतो. मारिया टाटर यांनी 1987 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात या बदलांची तपशिलाने चर्चा केली आहे.

आता विचार करा, या बदलामुळे संरक्षण कुणाचे झाले? मुलाचे झाले काय? मूल जंगलात गेलेच. भूकही तशीच राहिली. भट्टीही तशीच राहिली. संरक्षण झाले ते मोठ्यांच्या एका कल्पनेचे. आणि त्याची किंमत कुणी मोजली? जगातल्या सगळ्या सावत्र आयांनी. ज्या बाईने दुसऱ्याच्या मुलांना वाढवण्याचे ओझे पत्करले, ती कुठल्याही गावात, कुठल्याही घरात पाऊल टाकते, त्याआधीच गोष्टीतली राणी तिथे पोचलेली असते.

आमच्या वर्गांत अशी मुले असतात. आई वारली, वडिलांनी दुसरा निकाह केला, घरात नवी अम्मी आली. कुणाच्या आईचा तलाक झालेला असतो आणि मूल वडिलांकडे राहिलेले असते. अशा मुलांसमोर हिमगौरी सांगताना ‘सौतेली माँ’ हा शब्द आला, की बाकीचे वर्गबंधू मागे वळून त्याच्याकडे पाहतात. लोखंडी जोड्यांनी कुणी घाबरत नाही. या पाहण्याने मात्र ते मूल मान खाली घालते. घरी जाऊन ते आपल्या नव्या अम्मीच्या हातचे जेवण कोणत्या नजरेने पाहत असेल? ही इजा दिसत नाही, म्हणून पुस्तके सौम्य करणाऱ्यांच्या यादीत ती कधी येत नाही. आरसा फुटतो, जोडे जातात, पण आई सावत्रच राहते.

म्हणून ही गोष्ट सांगायचीच नाही काय? आम्ही तसे म्हणत नाही. हॅन्सेल-ग्रेटेलची गोष्ट पाचवीच्या मुलांना सांगताना आम्ही एक साधा प्रश्न विचारतो: या सगळ्यात बाप कुठे होता? मुले थबकतात. कारण गोष्टीत बाप आहे, तो दोन्ही वेळा मुलांना जंगलात नेतो, मनातून कष्टी होतो पण नेतो. आणि शेवटी बाई मेलेली असते, बाप मात्र मुलांच्या गळ्यात पडून सुखी होतो. त्याला कुणी जाब विचारत नाही. एकदा एक मुलगा म्हणाला, “अब्बा काम पे गए होंगे.” वर्ग हसला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “नहीं, अब्बा वहीं थे.” त्या दिवशी तास संपला तरी वाद संपला नाही. बायकोने म्हटले तर बापाने ऐकावे काय, भूक असेल तर मूल टाकावे काय, नाही म्हणण्याची ताकद कुणात होती, असे प्रश्न त्या मुलांनी स्वतःहून काढले. गोष्टीतला एक थेंबही आम्ही कमी केला नव्हता.

आता आपल्या घरच्या गोष्टींकडे वळू. आपल्या मुलांनी ग्रिमचे नाव ऐकले नसेल, पण अलिफ लैला, हातिमताई, अमीर हम्जा आणि उमरो अय्यारची झंबील त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यात अंधार कमी नाही. शहरजादच्या गोष्टींचा पायाच असा, की बादशहा रोज एका मुलीशी लग्न करतो आणि सकाळी तिला मारतो. अली बाबाच्या भावाचे, कासिमचे, चार तुकडे करून गुहेत टांगलेले असतात. डोळ्यांवर पट्टी बांधून आणलेला चांभार ते शिवतो. आणि मरजीना उकळते तेल ओतून रांजणांत लपलेल्या चोरांना ठार करते. 1804 साली छापल्या गेलेल्या मीर अम्मन यांच्या ‘बाग-ओ-बहार’मध्ये एक सौदागर आपल्या बेइमान भावांना पिंजऱ्यात ठेवतो आणि इमानी कुत्र्याला जडजवाहिराचा पट्टा घालून गादीवर बसवतो. उर्दूतला ‘देव’ म्हणजे तर राक्षसच. आमच्या मुलांना मराठी शिकताना या एका शब्दाची फार गंमत वाटते.

शेजारच्या घरांतही हेच आहे. श्रियाळ-चांगुणेच्या कथेत अतिथीच्या हट्टापायी आई आपल्या चिलया बाळाचे मस्तक उखळात घालून कांडते. मराठी मुलखात ही कथा बायकांनी गाऊन जिवंत ठेवली. आपल्याकडे मोहरमच्या दिवसांत करबलाचे बयान होते, त्यात तहानेने व्याकुळ झालेल्या सहा महिन्यांच्या अली असगरला बाण लागल्याचा प्रसंग लहान मुले मोठ्यांच्या शेजारी बसून ऐकतात. बकरी ईदला हजरत इब्राहीम आणि त्यांचे पुत्र यांची हकिकत प्रत्येक घरात सांगितली जाते. या शेवटच्या दोन गोष्टी परीकथा नव्हेत. एक इतिहास आहे, दुसरी अकीद्याची बाब आहे. त्यांना दास्तानींच्या पंगतीत बसवणे योग्य होणार नाही. त्यांचा उल्लेख एवढ्याचसाठी, की मृत्यू आणि बलिदान यांचे शब्द आपल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतच असतात. तेव्हा आपल्या मुलांना मृत्यू ठाऊकच नाही असे समजून लांडग्याचे दात काढणे, ही मोठ्यांनी स्वतःची करून घेतलेली समजूत आहे.

जुन्या लोकांनी या अंधाराला एक कुंपणही घातलेले होते. आपल्या नान्या-दाद्या दिवसा कहाणी सांगत नसत. दिवसा कहाणी सांगितली तर मुसाफिर रस्ता चुकतात, असे त्या म्हणत. ही समजूत घरकामाच्या सोयीसाठी निघाली असेल, पण तिचा परिणाम चांगला होता. कहाणी रात्री, गोधडीत, सांगणाऱ्या माणसाला चिकटून ऐकली जाई. राक्षस आला की मूल नानीचा हात धरी. मूल फार घाबरले तर नानी त्याच रात्री राक्षसाला लंगडा करी, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा धावायला लावी. म्हणजे गोष्ट सौम्य करण्याचे काम तीही करीत होती. पण समोरच्या एका मुलाकडे पाहून, त्या रात्रीपुरते. छापील पुस्तक सगळ्या मुलांसाठी कायमचे सौम्य होते, आणि मोबाइलच्या पडद्यावरचा राक्षस कुणाकडेच पाहत नाही. आज मुलाला भीती वाटते ती गोष्टीपेक्षा, ती एकट्याने पाहावी लागते म्हणून अधिक वाटत असावी, असे आम्हाला वाटते.

सौम्य गोष्टींच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात तथ्य नाही असे नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला गोष्टीतला लांडगा आणि दाराबाहेरचा लांडगा यांत फरक करता येत नाही. त्याला चार तुकड्यांचा कासिम सांगण्याचे काहीच कारण नाही. ज्या मुलाने घर जळताना पाहिले आहे, मोहल्ल्यात दंगल पाहिली आहे, ज्याच्या घरी रोज मारहाण होते, त्याच्यासमोर क्रौर्याचे रसभरित वर्णन करणे हा निष्ठुरपणा आहे. ही सावधगिरी प्रत्येक सांगणाऱ्याने घेतलीच पाहिजे. पण अशाच मुलांना अंधाराच्या गोष्टीची गरजही असते, हे विसरून चालत नाही. ज्याच्यावर खरोखर संकट कोसळले आहे, त्याला सगळे छान असलेल्या गोष्टीत स्वतःसाठी जागा सापडत नाही. ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञाने 1976 साली परीकथांवर लिहिलेल्या पुस्तकात असे मांडले, की मुलाच्या मनात भीती, मत्सर, टाकून दिले जाण्याची धास्ती आधीच असते. गोष्ट तिला आकार देते आणि बाहेर पडण्याची वाट दाखवते. हा माणूस स्वतः नाझींच्या छळछावण्यांतून सुटून आलेला होता. त्याच्या सिद्धांतांवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती बरीचशी रास्तही आहे. पण हा एक मुद्दा वर्गात उभे राहणाऱ्या कुणालाही पटण्यासारखा आहे.

या बाबतीत आम्हाला वाट दाखवणारी गोष्ट उर्दूतच आहे. उर्दू वाचणाऱ्या पिढ्यांनी शाळेत वाचलेली ‘अब्बू खाँ की बकरी’. लिहिणारे डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिलियाचे कुलगुरू आणि पुढे 1967 ते 1969 या काळात भारताचे राष्ट्रपती. मुलांसाठीच्या गोष्टी त्यांनी रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. त्यांची रेहाना नावाची मुलगी लहानपणीच वारली होती. मुलांना मृत्यूबद्दल काय सांगावे, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ शिक्षणशास्त्रातला नव्हता, हे ध्यानात ठेवून ही गोष्ट वाचली पाहिजे.

अल्मोड्याच्या अब्बू खाँच्या बकऱ्या दावे तोडून डोंगरात पळून जातात आणि तिथला लांडगा त्यांना खातो. चांदणी ही त्यांची लाडकी बकरी. चारा आहे, माया आहे, पण गळ्यात दावे आहे. एके दिवशी तीही निसटते. दिवसभर डोंगरात मनसोक्त हिंडते. संध्याकाळी लांडगा येतो. परत फिरण्याची संधी असते, पण दावे आठवून ती परतत नाही. रात्रभर ती शिंगांनी लढते आणि पहाटे मरून पडते. झाडावरचे पक्षी वाद घालतात, जिंकले कोण? बहुतेकांचे मत पडते, लांडगा. एक म्हातारा पक्षी म्हणतो, चांदणी जिंकली.

ही गोष्ट मूळची फ्रेंच लेखक आल्फोन्स दोदे यांची. त्यांच्या 1869 सालच्या पुस्तकात ती आहे. तिथे ती एका कवीला उद्देशून सांगितली आहे. वर्तमानपत्रातली पगाराची नोकरी नाकारून आपल्या मर्जीने जगू पाहणाऱ्या त्या कवीला इशारा म्हणून सांगितलेली, की बघ, बकरी रात्रभर लढली आणि सकाळी लांडग्याने तिला खाल्ले. झाकिरसाहेबांनी ती मुलांसाठी उर्दूत आणली तेव्हा त्यांच्यासमोर सोपा मार्ग होता. अब्बू खाँ बंदूक घेऊन वेळेवर पोचले असते तर मुले टाळ्या वाजवत घरी गेली असती. त्यांनी तसे केले नाही. चांदणीचा मृत्यू त्यांनी जसाच्या तसा ठेवला. बदलला तो फक्त निवाडा. पक्ष्यांचा वाद घातला आणि इशाऱ्याची गोष्ट स्वातंत्र्याची गोष्ट झाली.

आमच्या दृष्टीने या प्रश्नाचे सगळे उत्तर या एका बदलात आहे. लांडगा खरा, रात्र खरी, मरण खरे. पण त्यावरून कुणाला हरलेले म्हणायचे आणि कुणाला जिंकलेले, हे ठरवणे सांगणाऱ्याच्या हाती असते. चांदणीला वाचवले असते तर मुलांनी काय शिकले असते? पळून गेले तरी कुणीतरी मोठे येऊन सोडवते, एवढेच. आणि मूळचा इशारा तसाच ठेवला असता तर आमच्या वर्गातल्या मुलींनी तो कसा ऐकला असता, हे सांगायला नको. घराबाहेर पडाल तर लांडगा खाईल, हे त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. म्हाताऱ्या पक्ष्याचे मत ऐकवणारे थोडे आहेत.

आता दुसऱ्या बाजूचे बोलतो, आणि ते आपल्या स्वतःच्या कपाटातल्या पुस्तकांविषयी आहे. परीकथेतला अंधार तितका घातक नाही, जितका त्या अंधारातून उचललेला आणि खऱ्या माणसांना चिकटवलेला चेहरा घातक आहे. ग्रिम बंधूंच्याच संग्रहात एक गोष्ट अशी आहे, की एक नोकर जादूच्या सारंगीने एका ज्यूला काटेरी झुडपात नाचवतो आणि शेवटी तो ज्यू फासावर जातो. गोष्ट विनोदी म्हणून सांगितलेली आहे. पुढे शतकभराने त्याच देशात ज्यूंचे जे झाले ते एका गोष्टीमुळे झाले, असे कुणी म्हणणार नाही. पण लहानपणी ज्या माणसाच्या काट्यांत नाचण्यावर हसायला शिकलो, त्याच्या किंकाळीला मोठेपणी कान बहिरे होत असतील, तर नवल नाही.

हे आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. सिनेमातल्या आणि मालिकेतल्या खलनायकाच्या डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत आणि डोक्यावर टोपी पाहत आपली मुले मोठी होतात. दुसऱ्या दिवशी तीच टोपी घालून ती रस्त्याने चालतात. तो चेहरा त्यांना किती जड पडतो हे आपण जाणतो, त्यावर लिहितो, तक्रार करतो, आणि ते बरोबरच आहे.

पण मग आपल्या दास्तानींतला ‘हबशी’ काय आहे? अलिफ लैलाच्या जुन्या भाषांतरांत आणि मुलांसाठी काढलेल्या स्वस्त पुस्तकांत तलवार घेऊन उभा असलेला जल्लाद हबशी, दगाबाज गुलाम हबशी, काळाकुट्ट, जाड ओठांचा, हसला की दात दिसणारा. गोरी शहजादी आणि काळा राक्षस. हे वाचताना आपल्याला कधी खटकले काय? ज्या घरात ही पुस्तके आहेत त्याच घरात हजरत बिलाल यांचे नाव अदबीने घेतले जाते, आणि हजरत बिलाल हबशीच होते. ज्यांनी निजामशाहीचा कारभार सांभाळला, 1610 साली खडकी वसवली, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि शहराला नहरीने पाणी दिले, ते मलिक अंबर हबशीच होते. मुरूड-जंजिऱ्यावर 1948 पर्यंत राज्य करणारे सिद्दी हेही आफ्रिकी वंशाचेच. महाराष्ट्रातल्या मुसलमान मुलाला हबशी म्हणजे कोण, हे जल्लादाच्या चित्रावरून कळावे आणि मलिक अंबरवरून कळू नये, यापेक्षा खेदाची गोष्ट कोणती? आमच्या वर्गात सावळ्या मुलाला मुले चिडवताना ‘हबशी’ म्हणतात. हा शब्द त्यांना कुठून मिळाला, याचा शोध घ्यायला दूर जावे लागत नाही.

तीच गत कुबड्या माणसाची, एका डोळ्याच्या दरवेशाची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईची. गोष्टीत ती चुडैल असते. वस्तीत ती कुणाची तरी विधवा फुफी असते, जिच्या दाराशी मुले खडे मारून पळतात. सौम्य करण्याची कात्री इथे का चालत नाही? कारण रक्त पाहून मोठ्यांना त्रास होतो, म्हाताऱ्या बाईची बदनामी वाचून होत नाही. गोष्ट कुणासाठी स्वच्छ केली जाते, याचा पुरावा एवढा पुरे.

म्हणून आमची सूचना अशी, की कात्री चालवायचीच असेल तर ती रक्तावर चालवण्याआधी अपमानावर चालवावी. राक्षस हवा; त्याला कातडीचा रंग, जात, धर्म किंवा व्यंग लावण्याची गरज नाही. उकळत्या तेलाचे रांजण राहू द्यावेत, पण ते तेल ओतणारी मरजीना ही घरातली बांदी होती, सगळ्या घराचा जीव तिच्या अकलेने वाचला, आणि बक्षीस म्हणून तिचे लग्न घरातच लावून देण्यात आले, यावर मुलांशी बोलावे. तिला विचारले होते काय, असे एखादी मुलगी विचारील. तिने विचारावे म्हणूनच गोष्ट सांगायची असते. शहरजादची कहाणी मोठ्या मुलांना सांगताना बादशहाने मारलेल्या मुलींचा उल्लेख गाळू नये. त्या मुलींशिवाय शहरजादचे धैर्य कळत नाही. एका अपराधाचा सूड सगळ्या स्त्रीजातीवर उगवणाऱ्या माणसाला तिने हजार रात्री बोलत ठेवले, तलवारीशिवाय बदलले, हे आपल्या मुलामुलींना कळायलाच हवे.

शेवटी एक गोष्ट आपल्या लिहिणाऱ्या मंडळींसाठी. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली, त्या इंग्रजीच्या वाटेने आल्या. अली बाबाची गोष्ट तर हलब शहराच्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने 1709 साली पॅरिसमध्ये गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली आणि तिथून ती जगभर गेली. गोष्टी अशाच फिरतात आणि फिरताना बदलतात. त्यांना मूळ रूपात जपून ठेवावे, हा हट्ट अभ्यासकांनी धरावा. मुलांना सांगणाऱ्याने सांगताना निवड करावी, तो त्याचा हक्क आहे आणि जबाबदारीही आहे. उर्दू येते आणि मराठीतही लिहिता येते, असे लोक आपल्यात आहेत. आमच्या शाळेतून बाहेर पडणारी कित्येक मुले पुढे मराठी वाचू लागतात आणि त्यांच्या नानीच्या गोष्टी त्यांना मराठीत कुठे सापडत नाहीत. त्या कुणी तरी लिहाव्यात. त्यांत लांडगा असावा, त्याचे दात असावेत, रात्र लांब असावी. नवी अम्मी माणूस असावी. हबशी कधी कोतवाल असावा, कधी वजीर, कधी नुसता भुकेला मुसाफिर. आणि जिंकले कोण, याचा निर्णय मुलांनी पक्ष्यांसारखा भांडून करावा, एवढी जागा शेवटी मोकळी ठेवावी.